मोबाइलच्या पाठीवरचे चेहरे

मोबाइल पालथा ठेवायची सवय आता जवळजवळ सर्वांना लागली आहे. शेजारच्याला मेसेज दिसू नये, काचेवर चहा सांडू नये, कारण काहीही असो. फोनचे तोंड खाली आणि पाठ वर. ही पाठ पूर्वी काळी किंवा तपकिरी असायची. पुस्तकासारखे उघडणारे फ्लिप कव्हर, आत एटीएम कार्ड आणि दोन नोटा. आता त्या पाठीवर चेहरे आले आहेत. पालकसभेत, लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर आम्ही ते पाहत असतो. कुठे मोनालिसा, कुठे डोक्याला निळा रुमाल बांधून मागे वळून पाहणारी मुलगी, कुठे केसांत फुले माळलेली जुळलेल्या भुवयांची बाई, तर कुठे सोन्यात मढवलेली एक खानदानी स्त्री. आठवीच्या वर्गात आम्ही निळ्या रुमालवालीचे चित्र दाखवून विचारले, ही कोण? एका मुलीने लगेच हात वर केला, ‘टीचर, ही कव्हरवाली!’

उत्तर चुकीचे म्हणता येत नाही. तिच्यासाठी ती कव्हरवालीच आहे. पण जो चेहरा आपण रोज हातात धरतो, उशाशी घेऊन झोपतो, तो कुणाचा आहे हे घरात ठाऊक असावे, असे आम्हांला वाटते. कव्हर घेण्याआधीही आणि कव्हरवर बंदी घालण्याआधीही.

त्या निळ्या रुमालवालीपासूनच सुरुवात करू. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या योहानेस व्हर्मीर या चित्रकाराने १६६५ च्या सुमारास हे चित्र काढले. आज ते द हेग शहरातल्या मॉरिट्सहाउस संग्रहालयात आहे. मूळ चित्र आहे जेमतेम साडेचव्वेचाळीस सेंटिमीटर उंच आणि एकोणचाळीस सेंटिमीटर रुंद, म्हणजे आपल्या घरातल्या मध्यम ताटाएवढे. ‘मोत्याचे कर्णफूल घातलेली मुलगी’ या नावाने ते जगभर ओळखले जाते. गंमत म्हणजे हे कुणा ठराविक मुलीचे चित्र म्हणून काढलेलेच नाही. त्या काळी हॉलंडमध्ये वेगळा पेहराव, वेगळा चेहरा, चेहऱ्यावरचा एखादा भाव रंगवण्याची चित्रे काढली जात आणि ती बाजारात विकली जात. त्यांना ‘ट्रोनी’ म्हणत. ही त्यांपैकी एक. म्हणून तिचे नाव शोधत बसण्यात अर्थ नाही.

तिच्या डोक्यावरचा रुमाल मात्र आपल्याला ओळखीचा वाटतो आणि ते उगाच नाही. त्या काळच्या युरोपात पूर्वेकडच्या पागोट्यांचे, रेशमाचे मोठे अप्रूप होते. रुमालाचा तो निळा रंग तर थेट अफगाणिस्तानातून आलेला आहे. बदख्शानच्या खाणीतला दगड कुटून, धुऊन, गाळून तो रंग बनत असे आणि युरोपात तो फार महाग पडे. उर्दू शिकलेल्या आपल्या मुलांनी या दगडाचे नाव जरूर लक्षात ठेवावे: लाजवर्द. शायरीत आभाळाच्या निळाईला आपण लाजवर्दी म्हणतो. इंग्रजीतला निळ्यासाठीचा ‘अ‍ॅझ्युअर’ हा शब्दही याच लाजवर्दमधून निघाला आहे. म्हणजे डेल्फ्टच्या चित्रकाराची कुंडी आणि आपली भाषा एकाच खाणीतून भरलेली.

हेच चित्र १८८१ साली एका लिलावात दोन गिल्डर आणि वर तीस सेंट एवढ्या किरकोळ रकमेत विकले गेले होते. चित्र तेव्हा फार खराब अवस्थेत होते. घेणाऱ्याने मरताना ते संग्रहालयाला दिले. २०१८ मध्ये संग्रहालयाने क्ष-किरण आणि इतर यंत्रांनी त्याची कसून तपासणी केली. त्यात आढळले की मागची काळी पार्श्वभूमी मुळात काळी नव्हती, तिथे हिरवा पडदा रंगवलेला होता. काळाच्या ओघात रंग बदलला. डोळ्यांना बारीक पापण्याही होत्या, त्या आता नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. आणि तो जगप्रसिद्ध मोती म्हणजे पांढऱ्या रंगाचे दोन-चार फटकारे. त्याला अडकवायची कडीसुद्धा चित्रात नाही.

सोन्यातली ती स्त्री म्हणजे व्हिएन्नाच्या एका श्रीमंत यहुदी घरातली अडेले ब्लॉख-बाउअर. गुस्टाफ क्लिम्ट याने १९०७ मध्ये तिचे चित्र पुरे केले आणि त्यात खरा सोन्याचा वर्ख वापरला, आपल्या मिठाईवर चांदीचा असतो तसा. अडेले १९२५ मध्ये वारली. पुढे नाझींनी ऑस्ट्रिया गिळला, घरची मंडळी परागंदा झाली आणि चित्र जप्त होऊन सरकारी संग्रहालयात गेले. युद्ध संपले तरी ते परत मिळाले नाही. अडेलेची पुतणी मारिया आल्टमन अमेरिकेत जाऊन राहिली होती. तिने म्हातारपणी हा दावा लढवला आणि २००६ च्या जानेवारीत लवादाचा निकाल तिच्या बाजूने लागला. ती तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर होती. त्याच वर्षी ते चित्र न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयासाठी विकले गेले. किंमत साडेतेरा कोटी डॉलर असल्याचे तेव्हा छापून आले होते. जगासाठी ते ‘सोनेरी बाईचे चित्र’ होते; मारियासाठी ती तिची काकी होती. लुटलेल्या घरातली वस्तू आणि त्या वस्तूवरचा आपल्या माणसाचा चेहरा, यासाठी साठ-सत्तर वर्षे वाट पाहणे काय असते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

फुलवाली बाई म्हणजे मेक्सिकोची फ्रिडा काहलो. भेटवस्तूंच्या दुकानांत हल्ली कव्हरांपासून उशांच्या अभ्र्यांपर्यंत तीच दिसते. सहाव्या वर्षी पोलिओ झाला, एक पाय बारीक राहिला. १९२५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तिच्या बसला ट्रामने धडक दिली आणि कण्याची, पायाची हाडे मोडली. महिनोन्‌महिने पाठीवर पडून राहावे लागले, तेव्हा आईने पलंगाच्या वर आरसा बसवून दिला. समोर दुसरा चेहरा नव्हता, म्हणून ती स्वतःचाच काढत गेली. तिच्या चित्रांतले ते सरळ, न हसणारे डोळे त्या आरशातले आहेत. कव्हर छापणारे मात्र तिच्या ओठांवर हसू आणतात, वर्ण उजळ करतात, भुवया कोरून देतात. २०१८ मध्ये एका बड्या खेळणी कंपनीने तिच्या रूपाची बाहुली काढली, तेव्हा नेमका याच गोष्टीवर तिच्या नातेवाइकांनी आक्षेप घेतला. मेक्सिकोच्या न्यायालयाने तिथे त्या बाहुलीच्या विक्रीला तात्पुरती मनाईही केली. मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कुणाचा हक्क, हा प्रश्न तिकडेही सुटलेला नाही.

आपल्याकडे छापील चेहरा सामान्य माणसाच्या घरात कसा शिरला, तेही पाहिले पाहिजे. राजा रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. दगडावरून छापलेली त्यांची रंगीत चित्रे काही आण्यांत घरोघर गेली, मग कॅलेंडरांवर, काड्यापेट्यांवर, कापडाच्या ताग्यांवर. आपल्या घरांत त्यांच्या जागी काबा शरीफ आणि मदिना मुनव्वराची चित्रे लागली. तीही तशीच छापील, तशाच झगझगीत रंगांत. मोबाइलचे कव्हर हा या वाटेवरचा पुढचा मुक्काम आहे, एवढेच. भिंत होती, ती खिशात आली.

आणखी एक चेहरा खास आपल्या मुलखातला आहे. हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा आणि बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये ते चित्र आहे. बरेच लोक ते रवि वर्मांचे समजतात आणि कव्हरांवरही ते त्याच नावाने खपते. ते आहे सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे, आणि दिवा घेऊन उभी आहे त्यांचीच मुलगी गीता. या गीताबाई उपळेकर कोल्हापूरला राहत आणि २०१८ मध्ये एकशे दोन वर्षांच्या होऊन वारल्या. ज्यांच्या तरुणपणीच्या चेहऱ्यासमोर जगभरचे लोक उभे राहत होते, त्या आजीबाई आपल्याच राज्यात परवापरवापर्यंत होत्या.

आता छपाईचे बोलू, कारण इथेच बहुतेक पैसे वाया जातात. कव्हरचा मुलायम भाग टीपीयू नावाच्या रबरासारख्या प्लास्टिकचा असतो, कडक पाठ पॉलिकार्बोनेटची. चित्र दोन रीतींनी उतरते. एकीत खास कागदावर उलटे चित्र छापून तो कागद गरम प्रेसखाली कव्हरच्या पत्र्यावर दाबतात, उष्णतेने शाई वाफ होऊन आत मुरते. दुसरीत यंत्र थेट कव्हरवर छापते आणि अतिनील दिव्याने शाई तिथल्या तिथे सुकवते. मुरलेली शाई नखाने निघत नाही, वरवरची कधी कधी निघते. दुकानात घेतानाच कडेला नख लावून पाहावे, दुकानदार काही म्हणत नाही.

खरी अडचण आकाराची आहे. फोन रुंदीच्या दुपटीहून उंच. व्हर्मीरचे चित्र जवळजवळ चौकोनी. मग एकतर दोन्ही बाजू कापायच्या, नाहीतर वर-खाली खोटी पार्श्वभूमी जोडायची. बहुतेक कव्हरांवरची ती भलीमोठी काळी जागा व्हर्मीरची नसून दुकानातल्या संगणकाची असते. त्यात कॅमेऱ्याचे छिद्र. एका कव्हरवर आम्ही मोनालिसाचा डावा डोळा आणि अर्धे कपाळ कॅमेऱ्याने खाल्लेले पाहिले. उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावरचे हसू भेसूर वाटत होते. क्लिम्टचा वर्ख तर छापताच येत नाही, त्याचा पिवळा होतो. म्हणून ऑर्डर देण्याआधी आपल्या फोनच्या मॉडेलवर चित्र कसे बसते ते पडद्यावर दाखवायला सांगावे.

आणि कव्हर हे मुळात फोन वाचवण्यासाठी असते, हे चित्राच्या नादात विसरू नये. फोन पडतो तो बहुधा कोपऱ्यावर. चारही कोपरे जाड आणि लवचीक हवेत, पडद्याच्या आणि कॅमेऱ्याच्या भोवती थोडी उचललेली कड हवी. नुसती सुंदर कडक पाठ पडद्याला वाचवत नाही. पारदर्शक टीपीयू उन्हाने आणि उष्णतेने पिवळे पडते, मग त्याच्याखालचे चित्रही आजारी दिसू लागते. चार्जिंगला लावलेला फोन तापत असेल तर कव्हर काढून ठेवावे. कव्हरमागे नोटांची चळत कोंबण्याची आपली जुनी खोडही सोडलेली बरी.

आता घरातला प्रश्न. तो टाळून या विषयावर लिहिणे म्हणजे नुसतीच जाहिरात होईल.

आमची एक माजी विद्यार्थिनी लग्नानंतर सासरी मागच्या खोलीत प्रेस टाकून कव्हरे छापते. कॉलेजच्या मुलामुलींकडून ऑर्डरी येतात, दोन लहान मुलांना सांभाळून काम होते, हातात स्वतःचे चार पैसे येतात. सासूबाईंचा कामाला विरोध नाही, चेहऱ्यांना आहे. ‘बेटा, फुलं छाप, नावं छाप. जिथे आपण नमाज पढतो त्या घरात हे चेहरे कशाला?’ आणि ऑर्डरींतला मोठा भाग चेहऱ्यांचाच. ती आमच्याकडे आली ती हेच विचारायला. दुसऱ्या एका घरात तर वडिलांनी मुलीचे कव्हर कात्रीने कापून टाकल्याचे आमच्या कानावर आले. मुलगी आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

हदीसच्या ग्रंथांत हजरत आयेशा (र.अ.) यांच्या घरातल्या पडद्याचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. पडद्यावर चित्रे होती, हुजूर (स.अ.) यांना ते आवडले नाही, मग तो पडदा फाडून त्याच्या उशा करण्यात आल्या. बुखारीतल्या दुसऱ्या एका रिवायतीत असे आहे की, समोरच्या पडद्यावरची चित्रे नमाजमध्ये लक्ष वेधून घेतात म्हणून तो हटवायला सांगण्यात आले. या रिवायतींवरून आणि इतर अनेक हदीसांवरून उलमांनी पुष्कळ चर्चा केली आहे. हाताने काढलेले चित्र, कॅमेऱ्याचा फोटो आणि पडद्यावर उमटणारी प्रतिमा यांत फरक करावा का, टांगलेले चित्र आणि वापरातल्या वस्तूवरचे चित्र यांचा हुकूम एकच का, यावर मतभेद आहेत. कोकणात आपली मंडळी शाफई, घाटावर बहुतेक हनफी. आम्ही शाळेत भाषा शिकवतो, फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही. ज्या त्या घराने आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे, आणि विचारताना नीट सांगावे की चित्र कव्हरवर आहे, फोन खिशात असतो, छापणे हा रोजगार आहे. अर्धा प्रश्न विचारला की उत्तरही अर्धेच मिळते.

मात्र काही गोष्टी फतव्यावाचूनही कळतात. जानमाजच्या समोर चेहऱ्याचे कव्हर वर करून फोन ठेवू नये. तिथे फोनचीच गरज नाही. ज्या चित्रात अंगभर कपडे नाहीत ते ‘कला’ आहे म्हणून आजीसमोर टेबलावर टाकू नये. आणि मुलीच्या हातातले कव्हर कात्रीने कापू नये. तिला विचारावे, ही कोण आहे, तुला का आवडली? उत्तर ‘सगळ्यांकडे आहे’ असे आले, तर ते कव्हर तसेही दोन महिन्यांत बदलणार आहे. उत्तर दुसरे काही आले, तर आपल्या मुलीबद्दल एक नवी गोष्ट कळेल.

चेहरे नकोत म्हणून काही घरांनी आयतुल कुर्सीची, अल्लाहच्या नावांची कव्हरे घेतली आहेत. हेतू चांगला आहे. पण हाच फोन पँटच्या मागच्या खिशात जातो, लोक त्यावर बसतात, तो हातात घेऊन बाथरूममध्ये जातात आणि कव्हर फाटले की कचऱ्याच्या डब्यात टाकतात. चेहऱ्याबद्दल एवढी काळजी घेणारे घर आयतीबद्दल इतके बेफिकीर कसे, हे कोडे आम्हांला उलगडलेले नाही. वेलबुट्टी आहे, बिदरी कामाची नक्षी आहे, पैठणच्या बांगडी-मोराचा मोर वगळला तर नुसती जरीची जाळी आहे. विद्यार्थिनीने त्यांतले काही नमुने करून पाहिले आणि ते खपतात.

‘मग आपले चेहरे नव्हतेच का?’ असे तिने आम्हांला विचारले. होते. उस्मानी सुलतान मुहम्मद फातेह यांनी व्हेनिसहून जेंटिले बेलिनीला बोलावून आपले चित्र काढून घेतले, त्यावर १४८० साल आहे. अकबराने स्वतः बसून आपले चित्र काढवले आणि दरबारातल्या अमीरांची चित्रेही करवून घेतली, असे अबुल फजलने आईन-ए-अकबरीत नोंदले आहे. दरबाराचा रिवाज आणि शरियतचा हुकूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरे. पण इतिहास म्हणून हे माहीत असावे. त्याचबरोबर हेही की नूरजहाँ आणि मुमताज महल यांचे म्हणून जे गोल चौकटीतले गोजिरे चेहरे विकले जातात, ते बहुतेक एकोणिसाव्या शतकात दिल्लीच्या कारागिरांनी हस्तिदंतावर कल्पनेने रंगवलेल्या चित्रांवरून आलेले आहेत. पडद्यातल्या बेगमांना समोर बसवून कोण रंगवणार होते! अहमदनगरचा किल्ला लढवणाऱ्या चांदबीबीचेही तेच. बहिरी ससाणा हातावर घेऊन घोड्यावरून निघालेली चांदबीबी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, पण ते दख्खनी चित्र १७०० च्या सुमाराचे, आणि चांदबीबी मारली गेली १६०० मध्ये. चेहरा खरा नाही. घोड्यावरची बैठक मात्र चित्रकाराला लोकांनी सांगितलेली असणार.

राहिला कायदा, आणि घरबसल्या कव्हरे छापून विकणाऱ्या भगिनींनी हा भाग नीट वाचावा. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे त्याच्या चित्रांवर वारसांचा किंवा हक्कदारांचा हक्क असतो. व्हर्मीर, क्लिम्ट, रवि वर्मा यांची मुदत केव्हाच संपली. अमृता शेरगिल १९४१ मध्ये वारली, तिचीही संपली. दिल्लीच्या राष्ट्रीय कलादालनातले तिचे ‘तीन मुली’ हे चित्र आमच्या फार आवडीचे. ओढण्या घेऊन खाली पाहत बसलेल्या तीन बहिणींसारख्या मुली. मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीने १९३७ मध्ये त्याला सुवर्णपदक दिले होते. पण हुसेनसाहेब २०११ मध्ये गेले, त्यांची चित्रे २०७१ अखेरपर्यंत परवानगीशिवाय छापून विकता येणार नाहीत. आणि ती दिव्याची बाई, जी सगळे रवि वर्मांची म्हणून बिनधास्त छापतात? हळदणकर १९६८ मध्ये वारले. हिशेब करा, २०२८ संपेपर्यंत ते चित्र मोकळे नाही.

चित्र मोकळे असले तरी इंटरनेटवरून कुठलाही फोटो उचलू नये. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आणि २०१७ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने मुदत संपलेल्या चित्रांचे मोठे, स्वच्छ फोटो सर्वांना फुकट खुले केले आहेत. व्यवसायासाठी वापरायलाही मनाई नाही. त्यांवरून छापले की चेहरा धूसर येत नाही आणि कुणाची नोटीसही येत नाही. आमच्या विद्यार्थिनीने सासूबाईंशी बोलून सध्या एवढे ठरवले आहे की आलिमांचे उत्तर येईपर्यंत चेहऱ्यांच्या नव्या ऑर्डरी घ्यायच्या नाहीत, आणि तोवर मेट्रोपॉलिटनच्या संग्रहातून जुन्या कुरआनच्या पानांवरची नाही, तर इराणी गालिच्यांवरची वेलबुट्टी उतरवून घ्यायची. तिचा पहिला नमुना लाजवर्दी रंगाचा आहे.